आई-बाबांसाठी क्रूझ: जरूर पाठवा, पण शुक्रवारची दोन रात्रींची फेरी नको

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे उशिरा वाचणाऱ्यांना शोधत बसायला नको. विचारणाऱ्यांच्या आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात चाळीस वर्षं होताहेत, त्यांना क्रूझवर पाठवायचंय. बजेट मुंबई–गोव्याचं, ताणलं तर सिंगापूरचं. आई शाकाहारी, संकष्टी-एकादशी पाळणाऱ्या. बाबा मूळचे रेवदंड्याकडचे, गुडघे कुरकुरणारे, आणि "रामदासचं काय झालं विसरलात का" (१९४७ साली बुडालेली रेवसची बोट) म्हणून बोटीचं नाव काढू न देणारे. आतापर्यंत दोन उत्तरं आलीत. एकांच्या मते निव्वळ उधळपट्टी, दुसऱ्यांच्या मते एकदा तिकीट काढलं की सगळं फुकट. मला दोन्ही पटत नाहीत. आम्ही दोघं साठीच्या आसपासचे, देशी आणि परदेशी दोन्ही जहाजांवर राहून आलोय, शिवाय माझा देवगडचा मावसभाऊ बरीच वर्षं बोटीवर होता, क्रूझच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात. त्याच्याकडून कळलेलंही यात आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाठवा. पण शुक्रवारी निघून रविवारी परत आणणारी दोन रात्रींची फेरी त्यांच्यासाठी नको.

का, ते बघा. पहिल्या दिवशी दुपारी टर्मिनलवर हजर व्हायचं, सामान द्यायचं, रांगा लावायच्या, केबिन हातात येईपर्यंत चहाची वेळ. मग संकटात काय करायचं त्याची कवायत आणि मग कुठे जहाज हलतं. शेवटच्या दिवशी सकाळी न्याहारी गिळून केबिन सोडायची. मधे राहिला एक अख्खा दिवस, आणि त्यात जहाज गोव्याला लागणार असेल तर मुरगावला उतरायचं, पणजी तिथून तीसेक किलोमीटर, टॅक्सीचे भाव ऐकायचे आणि वेळेत परत यायचं. शिवाय शनिवार-रविवारची गर्दी ही ऑफिसचे ग्रुप, बॅचलर पार्ट्या आणि स्विमिंग पूलभोवती डीजे अशी असते. तरुणांना मजा येते, येऊ दे. पण तुमच्या आईंना डेकवर शांतपणे समुद्र बघायचा असेल तर आठवड्याच्या मधली, तीन-चार रात्रींची फेरी बघा. डिसेंबरचा पहिला पंधरवडा मिळाला तर उत्तम. नाताळ जवळ आला की भाडंही चढतं आणि गर्दीही. समुद्र या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर शांतच असतो.

अजून एक गोष्ट स्वतःशी तपासून घ्या. क्रूझमध्ये मुख्य ठिकाण जहाज असतं, बंदरं ही तोंडी लावायला. सकाळी सहाला उठून जेवणाआधी तीन देवळं आणि एक किल्ला उरकणारी माणसं (माझे सासरे असेच होते) तिसऱ्या दिवशी "आता काय?" म्हणून विचारायला लागतात. तुमचे बाबा खुर्ची टाकून दोन तास पाण्याकडे बघत बसू शकतात का? किनाऱ्यावर वाढलेत, तेव्हा मला वाटतं बसतील.

आता पैसे. जाहिरातीतला आकडा दरमाणशी असतो, आणि तोही दोघांनी मिळून एक केबिन घेतली तर. एकटं माणूस गेलं तर बहुतेक कंपन्या न आलेल्या जोडीदाराचंही भाडं जवळपास पूर्ण लावतात. त्या आकड्यावर कर आणि बंदराचे आकार चढतात. परदेशी कंपन्यांत त्यावर रोजची टिप, दरमाणशी साधारण १६ ते २० डॉलर. दोघं, चार रात्री, म्हणजे बारा-तेरा हजार रुपये झाले, आणि अजून तुम्ही जहाजावर पायही ठेवलेला नाही. काउंटरवर जाऊन ती टिप रद्द करून घ्यायची युक्ती व्हॉट्सॲपवर फिरत असते. कृपा करून करू नका. केबिन आवरणारा, ताटं उचलणारा माणूस सहा-नऊ महिन्यांच्या करारावर असतो, आठवड्याची सुट्टी त्याला नसते, आणि त्या पैशातला मोठा वाटा त्याच्या घरी जातो. आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात अशा पैशांवर उभी राहिलेली घरं किती आहेत ते तिकडच्यांना विचारा.

परदेशी सहल एजंटकडून घेतलीत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा करही कापला जाईल. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आत्ता खिशातून जातोच.

खरा खर्च पुढे. जहाजावर रोख चालत नाही. चढताना एक कार्ड देतात, तीच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. बुफेतला चहा फुकट, चार पावलांवरच्या कॉफीच्या दुकानातली कॅपुचिनो विकत. मुख्य जेवणघर फुकट, शेजारचं जपानी हॉटेल विकत. फोटोवाला दर वळणावर फोटो काढतो, विकत. कार्ड टेकवलं की झालं, त्यामुळे काही खर्च केलाय असं वाटतच नाही. आई-बाबांना रोज रात्री खोलीतल्या टीव्हीवर किंवा ॲपमध्ये हिशेब बघायला शिकवून पाठवा. दारूचं पॅकेज त्यांच्यासाठी घेऊ नका, ते दिवसाला पाच-सहा पेले रिचवणाऱ्यांनाच परवडतं. आणि फोन! किनारा सुटला की मोबाइल आपोआप जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि नातवाशी केलेल्या पाच मिनिटांच्या गप्पांचं बिल बघून घाम फुटतो. विमानात ठेवतो तसा फोन एअरप्लेन मोडवर ठेवायचा, बोलायचंच असेल तर जहाजाचं वाय-फाय घ्यायचं.

केबिन घेताना नुसतं "आतली की बाल्कनीची" एवढंच बघू नका. आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. पहाटे पाचला जाग येणाऱ्या माणसांना त्यात कोंडल्यासारखं होतं. निदान खिडकीची घ्या. जागा जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. आणि डेकचा नकाशा उघडून वरच्या-खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. डोक्यावर नाचघर असेल तर रात्री दोनपर्यंत झोप विसरा.

मुंबईहून निघणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे असलेलं जहाज. सुमारे ४८ हजार टनांचं. आजकाल ज्याचे व्हिडिओ फिरतात ते 'आयकॉन ऑफ द सीज' त्याच्या पाचपट आहे. जुन्या घडणीमुळे केबिन लहान आहेत, बाल्कन्या मोजक्या. पण गुडघेदुखीवाल्यांना हे जहाज बरं, कारण केबिनपासून जेवणघर गाठायला मैलभर चालावं लागत नाही. मोठ्या जहाजांवर खरंच दमछाक होते.

एक जाता जाता. आपल्याकडच्या क्रूझ कंपन्यांचा इतिहास फार भरवशाचा नाही. मुंबई–गोवा 'आंग्रिया' २०१८ मध्ये गाजावाजात सुरू झाली, आता नाही. २०१९ मध्ये आलेली 'जलेश' कोविडच्या वर्षी बंद पडली आणि तिचं 'कर्णिका' जहाज अलंगला भंगारात निघालं. म्हणून वर्षभर आधी पूर्ण पैसे भरून ठेवू नका, आणि क्रेडिट कार्डानेच भरा.

जेवण. इथे आईंची काळजी करू नका, पण तयारी करून पाठवा. मुंबईच्या जहाजावर प्रश्नच नाही, शाकाहारी आणि जैन दोन्ही मिळतं. सिंगापूरहून सुटणारं 'गेंटिंग ड्रीम' भारतीय प्रवाशांवर बरंच चालतं, तिथेही भारतीय शाकाहारी जेवणाची सोय आहे. अडचण येते ती पाश्चात्त्य जहाजांवर, जिथे "व्हेज" म्हटलं की उकडलेली ब्रोकोली आणि पास्ता पुढे येतो. तिथली किल्ली मावसभावाने सांगितली ती अशी: बुकिंग करतानाच भारतीय शाकाहारी जेवणाची नोंद करायची, आणि पहिल्याच रात्री बुफेत न जाता मुख्य जेवणघरात बसून हेड वेटरला गाठायचं. हा माणूस बऱ्याचदा आपल्याकडचाच निघतो, गोव्याचा, वसईचा नाहीतर मंगळूरचा. त्याला सांगायचं, उद्यापासून आम्हाला दोघांना डाळ-भात, एक भाजी, पोळी. दुसऱ्या रात्रीपासून मेनूकार्डात कुठेही नसलेली ताटं तुमच्या टेबलावर येतात. खलाशांच्या मेसमध्ये भारतीय स्वयंपाक रोज होतच असतो, आणि भाऊ शपथेवर सांगतो की जहाजावरची सगळ्यात चांगली डाळ तिथेच शिजते. सूप मागताना मात्र ते कशाच्या पाण्यात केलंय हे विचारायचं, आणि केक-पुडिंगमध्ये अंडं असणारच असं धरून चालायचं.

उपासाचं म्हणाल तर साबुदाण्याच्या खिचडीची आशा नको. फळं, दही, दूध, उकडलेला बटाटा मिळतो. राजगिऱ्याचे लाडू, खजूर असला बंद पाकिटातला सुका खाऊ बहुधा चालतो, घरी केलेले डबे अडवतात. आणि सामानात इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, इस्त्री यातलं काहीही जाऊ देऊ नका. टर्मिनलवरच काढून घेतात. हा त्यांचा चावटपणा वाटतो खरा, पण समुद्रात बुडण्यापेक्षा आगीची भीती जास्त असते. २००६ मध्ये 'स्टार प्रिन्सेस' या क्रूझवर बाल्कनीतून आग पसरून शंभरावर केबिनचं नुकसान झालं. कारण बहुधा न विझवलेलं सिगारेटचं थोटूक, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

पोट बिघडण्याबद्दल. बातम्यांत येतो तो नोरोव्हायरस. तो हाताला लावायच्या जेलला फारशी दाद देत नाही, साबण-पाण्याने हात धुण्याला देतो. बुफेच्या दाराशी जेल फवारणारी माणसं उभी असली तरी आधी बेसिन गाठायचं. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथलं आरोग्य खातं १०० गुणांची तपासणी घेतं, ८५ किंवा त्याखाली मिळाले तर नापास, आणि निकाल सगळ्यांना बघायला खुला असतो. आपल्या बंदरांतही असं काही व्हायला हवं.

आता बाबांचा मुद्दा, जो मला सगळ्यात रास्त वाटला. रेवदंड्याच्या माणसाने रामदास विसरावी तरी कशी? १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट ऐन पावसाळ्यात, खच्चून भरलेली, काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली आणि मुंबईत बातमी पोचायलाच कित्येक तास लागले. बाबांना सांगा, यातलं एकेक कारण घेऊन बघा. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ चालत नाहीत. प्रवासी मोजून चढवतात, कार्ड टेकवल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. जहाज कुठे आहे ते किनाऱ्यावर सतत दिसत असतं. तरीही अपघात होतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कप्तानाच्या आगाऊपणामुळे जिलियो बेटाजवळ खडकावर चढली, ३२ जणं गेली. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी २४ तासांची मुभा होती. २०१५ पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे.

ती कवायत लोक टाळतात, लाइफ जॅकेट घालून सेल्फी काढतात. आई-बाबांनी टाळू नये. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा आवाज कानात बसू द्यायचा. आपलं जमायचं ठिकाण कार्डावर छापलेलं असतं, तिथपर्यंत केबिनपासून जिन्याने एकदा चालून यायचं, लिफ्टने नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि बाबांची निम्मी भीती तिथेच जाईल.

खरं सांगायचं तर त्यांच्या वयाला बोट बुडण्यापेक्षा गुडघा मुरगळण्याचा धोका जास्त. म्हणून लक्षद्वीपची फेरी घेणार असाल तर नीट ऐका. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, लांब नांगरतं आणि माणसं छोट्या होडीतून बेटावर नेतात. जहाजाच्या पोटातलं दार उघडतं, समोर होडी, आणि ती होडी एका जागी राहत नाही. लाटेबरोबर हातभर वर येते, हातभर खाली जाते. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी कोपराखाली धरतात आणि "आता" म्हणाले की पाऊल टाकायचं असतं. बरोबर क्षणी टाकलं तर काही वाटत नाही. कचरलं की पाय अडखळतो. बाबांना जमत नसेल तर त्या दिवशी जहाजावरच थांबावं, रिकाम्या जहाजावर फार छान वाटतं. हवा बिघडली तर बेटाचा थांबा रद्दही होतो आणि त्याचे पैसे परत मिळतीलच असं नाही. लक्षद्वीपला परवाना लागतो, तो कोण काढणार हे बुकिंगलाच विचारा.

सिंगापूरला पाठवत असाल तर वाटेत लागणाऱ्या प्रत्येक देशाचा व्हिसा नियम बघा, उतरणार नसले तरीही. प्रवास विमा जहाजाचा उल्लेख असलेला घ्या. आपला नेहमीचा मेडिक्लेम तिथे उपयोगाचा नाही, जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल लावतो, आणि हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर न्यायची वेळ आली तर आकडा ऐकवत नाही. बंदरावर स्वतःहून फिरायला गेलात तर जहाज थांबत नाही, त्यामुळे या वयात कंपनीचीच सहल घ्या, महाग असली तरी.

शेवटच्या रात्री सामान दाराबाहेर ठेवायला सांगतात. आईंनी दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि गोळ्यांचा डबा आधी बाजूला काढून मगच बॅगा द्याव्यात. दर फेरीला कोणीतरी काका नाइट ड्रेसवर उतरताना दिसतात. व्हीलचेअर टर्मिनलवर मागू नका, बुकिंग करतानाच लिहून द्या.