आजींच्या बाजूने नेमकं कोण उभं राहणार?

तुमच्या प्रश्नात तीन वेगळी प्रकरणं गुंतलेली आहेत. ती आधी सुटी करून घेतो, म्हणजे कुणाकडे काय मागायचं ते कळेल. शेजारच्या आजी सत्तरी ओलांडलेल्या, विधवा. त्यांचे श्रावणबाळ योजनेचे (निराधार वृद्धांना दरमहा मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचे) पैसे काही महिन्यांपासून येत नाहीत. धाकटा मुलगा बौद्धिक दिव्यांग, वय पस्तिशीचं, त्याचं सगळं आजीच बघतात. थोरल्याने घर बक्षीसपत्राने (मोबदला न घेता मालमत्ता देण्याच्या दस्ताने) नावावर करून घेतलं आणि आता दोघांनाही बाहेर काढायच्या गोष्टी करतो. तुम्ही विचारलंय की फुकटचा वकील घ्यावा की उसनवारी करून खासगी लावावा.

मी वकील नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून बरीच वर्षं काम करतोय, त्यामुळे वकील आणि पक्षकार या दोघांच्या मधली बाजू माझ्या चांगल्या परिचयाची आहे. या तिन्ही प्रकरणांत आजींच्या बाजूने बोलणारा माणूस वेगवेगळा असणार आहे. कुठे वकील लागतच नाही, कुठे कायदाच वकिलाला दारात अडवतो, आणि कुठे त्याच्याशिवाय पान हलत नाही.

आधी मोफत मदतीबद्दल, कारण गैरसमज तिथेच जास्त. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत मदतीला कोण पात्र याची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत आणि दिव्यांग व्यक्ती आहेत, आणि या दोन्ही गटांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आजी स्त्री म्हणून पात्र आणि मुलगा दिव्यांग म्हणून स्वतंत्रपणे पात्र. उत्पन्नाची मर्यादा आहे ती यादीतल्या बाकी कुठल्याच गटात न बसणाऱ्यांसाठी. तरीही लोक आधी तहसीलला जाऊन उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांग लावतात आणि दोन आठवडे घालवतात. या कामासाठी तो दाखला लागत नाही. (अनुदानासाठी लागतो. ती गोष्ट वेगळी.)

अर्ज साधा कागदावर चालतो. तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. आजींना लिहिता येत नसेल तर तिथला माणूस किंवा स्वयंसेवक लिहून देतो, त्या अंगठा करतात. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांप्रमाणे अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर त्या समितीच्या किंवा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.

आता अनुदान. इथे वकील शोधत बसू नका. श्रावणबाळ असो की संजय गांधी निराधार, पैसे थांबण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. हयातीचा दाखला दिला नाही, आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, आधारवर नाव एक आणि पासबुकावर दुसरं, नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. तलाठ्याला विचारलं तर तो म्हणतो तहसीलला जा, तहसीलमधला म्हणतो बँकेत जा, आणि बँकेतला म्हणतो पैसे आलेच नाहीत. हे सगळं तोंडी चालतं, आणि तोंडी नकाराविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही.

म्हणून पहिला कागद तहसीलदारांच्या नावे: माझं अनुदान अमुक महिन्यापासून बंद आहे, कारण लेखी कळवावं. संजय गांधी योजना शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का मिळाल्याशिवाय टेबल सोडू नका. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तोच प्रश्न विचारा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'आजींनी अर्ज केला होता' आणि 'अमुक तारखेच्या अर्जाला उत्तर नाही' या दोन वाक्यांत पुढे न्यायालयात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हे काम तुम्ही आजींसोबत जाऊन करू शकता, वकालतनामा (वकिलाला बाजू मांडायचा अधिकार देणारा कागद) लागत नाही. अडलंच तर विधी सेवा प्राधिकरणाकडे या, कारण कायद्यातल्या 'विधी सेवे'त न्यायालयासोबत इतर प्राधिकरणांसमोरचं कामही येतं आणि नुसता सल्लाही येतो. 'केस दाखल झाल्यावर या' असं कुणी सांगितलं तर ते चुकीचं आहे. प्राधिकरणाचे सचिव स्वतः न्यायाधीश असतात. त्यांच्या सहीचं पत्र तहसीलमध्ये गेलं की महिनोन्‌महिने न सापडणारी फाइल पुष्कळदा सापडते. का सापडते ते विचारू नका.

तसं पाहिलं तर या योजनांची २१,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची अट हाच एक विनोद आहे. महिन्याला १,७५० रुपयांत कोण जगतं? पण तो धोरणाचा प्रश्न आहे, आजींच्या अर्जाने सुटणारा नाही.

दुसरं आणि सगळ्यात गुंतागुंतीचं म्हणजे थोरला मुलगा आणि घर. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्याखालचं न्यायाधिकरण आपल्याकडे उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, चालवतात. आजी स्वतः अर्ज करू शकतात. जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, म्हणजे तुम्हीसुद्धा. महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मंजूर होऊ शकतात, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, विशेष कारण असेल तर आणखी ३०. प्रत्यक्षात लांबतं, पण हे आकडे अर्जातच लिहून ठेवावेत.

या कायद्याचं कलम १७ म्हणतं की न्यायाधिकरणासमोर कुणाच्याही बाजूने वकील उभा राहणार नाही. हेतू चांगला होता: मुलाने महागडा वकील आणायचा आणि आईने एकटीने उभं राहायचं, असं होऊ नये. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे कलम वकिलांच्या कायद्यातल्या कलम ३० शी (वकिलांना न्यायाधिकरणांसमोरही काम करण्याचा हक्क देणाऱ्या) विसंगत ठरवलं, त्यामुळे ठिकठिकाणी वेगळी वागणूक दिसते. तुमच्या प्रांत कार्यालयात काय चालतं ते आधी विचारून घ्या. पण लोकांच्या नजरेतून सुटतं ते पुढचं कलम १८. त्यानुसार चरितार्थ अधिकारी नेमलेला असतो, समाजकल्याण अधिकारी किंवा त्या दर्जाचा, आणि आई-वडिलांची इच्छा असेल तर त्याने त्यांची बाजू मांडायची असते. पण मागितल्याशिवाय तो येत नाही. अर्जातच एक ओळ टाका: 'कलम १८ प्रमाणे चरितार्थ अधिकाऱ्यांनी माझी बाजू मांडावी.' ही ओळ टाकलेला अर्ज मी फार क्वचित पाहिलाय.

बक्षीसपत्रासाठी कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येतं. बक्षीसपत्र हा कायदा लागू झाल्यानंतरचं हवं. घोडं अडतं ते अटीवर. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं की अट होती हे सिद्ध व्हायला हवं, नात्यापोटी दिलं एवढ्याने भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितला. तिथे मुलाने सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. न्यायाधिकरण घराचा ताबा परत देण्याचा आदेश करू शकतं हेही त्यात स्पष्ट झालं. तेव्हा दुय्यम निबंधकांकडून बक्षीसपत्राची नक्कल काढा आणि 'सांभाळ', 'देखभाल', 'हयातभर' असे शब्द कुठे आहेत का ते बघा. सोबत दुसरा एखादा कागद झाला होता का, तेही आजींना विचारा.

अट कुठेच नसेल तर दिवाणी न्यायालयात फसवणूक किंवा दबावाच्या कारणावरून दस्त रद्द करण्याचा दावा. हे काम वकिलाचंच, आणि त्याला मुदत आहे: फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. घरातून काढण्याचा धोका आजच असेल तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली आईसुद्धा मुलाविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते आणि राहत्या घरातून न काढण्याचा आदेश मागू शकते. तिथेही प्राधिकरणाचा वकील मिळतो.

मोफत वकील चांगला असतो का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नशिबाचा भाग आहे. मानधन तुटपुंजं, तेही उशिरा येतं, त्यामुळे काही जण तारखेला हजेरीपुरते असतात. काही मात्र खासगी पक्षकाराइतकंच मन लावून लढतात. वकील लक्ष देत नसेल तर सचिवांकडे लेखी अर्ज करून बदलून घेता येतो. त्याने पैसे मागितले तर देऊ नका. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाने नेमलेल्या यादीतल्या, वकिलाला पक्षकाराकडून काहीही घेता येत नाही, आणि कोर्ट फी, नकला, टायपिंग हा खर्चही प्राधिकरणाचा. पहिल्या भेटीत त्याच्या हातात एका पानावर तारखांचा क्रम द्या. ढीगभर झेरॉक्सपेक्षा त्या पानाचा उपयोग जास्त.

आणखी एक गोष्ट, जरा स्पष्ट बोलतो. पक्षकार आजी आहेत, तुम्ही नाही. वकिलाला आजींशी एकांतात बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. थोरल्याला घराबाहेर काढावं असं तुम्हाला वाटत असेल, आजींना कदाचित नुसतं जेवण, औषधं आणि धाकट्याची सोय एवढंच हवं असेल. तसं असेल तर अर्ज तेवढाच करायचा. वकालतनाम्यावर अंगठा घेण्याआधी तो पूर्ण वाचून दाखवला पाहिजे. घाईत घेतलेला अंगठा हीच तर मूळची भानगड आहे.

धाकट्याचं थोडक्यात. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आई कायद्याने आपोआप पालक राहत नाही. बौद्धिक दिव्यांगांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. त्यासाठी न्यायालयात जावं लागत नाही. आजींनी आता स्वतःसाठी अर्ज करावाच, पण त्यांच्यानंतर कोण, हेही समितीसमोर बोलून ठेवावं. नाहीतर ते पद आपसूक थोरल्याकडे जाण्याची शक्यता जास्त.

बक्षीसपत्राची नक्कल हातात आली की नावं आणि गट क्रमांक झाकून फक्त तारीख आणि अटीचा परिच्छेद इथे टाका. कलम २३ चा अर्ज टिकेल की दिवाणी दाव्याकडे वळायचं, ते त्यावरून सांगता येईल.