नवऱ्याला फुल मॅरेथॉन धावायचीये आणि माझी झोप उडालीये

प्रश्न : नमस्कार ताई, मी भांडुपला राहते, वय ३८. नवरा ४३ चा, आयटीत आहे, दिवसभर खुर्चीत. ऑफिसच्या ग्रुपमधल्या चारपाच जणांनी जानेवारीतल्या मुंबईच्या मॅरेथॉनचं ठरवलं आणि हाही त्यात शिरला, तेही हाफ नाही, डायरेक्ट फुल, म्हणजे ४२ किलोमीटर. आता सहा आठवडे राहिलेत आणि आत्तापर्यंत सगळ्यात जास्त धावलाय तो १४ किलोमीटर, पवई तलावाकडे, एकदाच, त्यानंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरत होता. आठवड्यातून दोनदा जातो, कधी तेही नाही. मी काही बोलले की म्हणतो तू निगेटिव्ह बोलतेस, शेवटी सगळा मेंटल गेम असतो. माझ्या सासऱ्यांना ५१ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, ते डोक्यातून जातच नाही. सासूबाई म्हणतात जाऊ दे गं, हौस आहे त्याची. त्याचं मन मोडायचं नाहीये, पण गप्पही बसवत नाहीये. काय करू?

उत्तर : तुला अगं-तुगं करते, चालेल ना? आधी हे सांगते की तू निगेटिव्ह नाहीयेस. १४ आणि ४२ मधलं अंतर नुसत्या मनाने भरून निघत नाही, आणि हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाहीये, आमच्या घरी झालंय. काही वर्षांपूर्वी माझा नवराही असाच अर्धवट तयारीने फुलला उतरला होता, मी मरीन ड्राइव्हला कठड्यापाशी फोन हातात धरून दीड तास उभी, माणसं जातायत जातायत आणि आपला माणूस दिसत नाही, ते दीड तास मी अजून विसरले नाहीये. तो मेडिकल टेंटमध्ये होता, सलाईन लावलेलं. नंतर घरी म्हणाला की हाजीअलीपासूनच मळमळत होतं, चक्कर येत होती, पण सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, थांबणार कसा.

माझं सगळं उत्तर या वाक्यापाशी आहे. धावू नकोस म्हणून भांडलीस तर तो तुला दाखवून द्यायला धावेल, आणि तसा धावणारा माणूस वेळेवर थांबत नाही. त्याला थांबायची मुभा घरातून मिळाली पाहिजे, आणि ती त्या दिवशी सकाळी नाही, आत्ता.

पण एका गोष्टीवर अजिबात मागे हटू नकोस. सासऱ्यांना ५१ ला अटॅक, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, नवरा ४३ चा, बैठं काम. त्याने याच आठवड्यात डॉक्टरला भेटायला हवं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी), टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नुसता पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नका, आडवं पडल्यावर हृदयाला काम कुठे असतं. स्ट्रेस टेस्ट म्हणजे सुद्धा गॅरंटी कार्ड नाही, हे मी मुद्दाम सांगते, पण वडिलांची हिस्ट्री डॉक्टरला सांगून मग धावणं आणि न सांगता धावणं यात फार फरक आहे. धावताना छातीवर दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, धडधड, डोळ्यापुढे अंधारी, नेहमीपेक्षा भलताच दम, यातलं काही आजवर झालंय का हे त्याला शांतपणे विचार, पुरुष हे आपणहून सांगत नाहीत. हो म्हणाला तर रिपोर्ट येईपर्यंत धावणं बंद, यात चर्चा नाही.

आता मेंटल गेमचं बघ. शरीरात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात, तो बहुतेकांचा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपायला लागतो, धावणारे याला वॉल म्हणतात, पाय शिसं भरल्यासारखे होतात आणि डोकंही नीट चालत नाही. म्हणजे ज्या मनाच्या भरवशावर तो निघालाय ते मनच तिथे थकलेलं असतं! आणि दम वाढतो पटकन, पण स्नायूबंध आणि हाडं सावकाश घट्ट होतात, त्यामुळे माणसाला वाटतं मी फिट झालो आणि नेमकं तेव्हाच गुडघा नाहीतर नडगी बोलायला लागते. फुलची तयारी साधारण चार महिन्यांची धरतात, तीही आधीपासून धावणाऱ्याला, आणि त्यात ३० च्या आसपासचा एखादा तरी लाँग रन असतो.

सहा आठवड्यांत तेवढं होणार नाही, ते त्याने मान्य करावं. पण डॉक्टरने हिरवा कंदील दिला तर काहीच होणार नाही असंही नाही. रविवारी चालत-धावत जायचं, चार मिनिटं धाव एक मिनिट चाल, अगदी पहिल्या किलोमीटरपासून, दमल्यावर नाही. जेफ गॅलोवे म्हणून १९७२ च्या ऑलिम्पिकमधले अमेरिकन धावपटू होते, त्यांनी ही पद्धत हजारो साध्या माणसांना शिकवली, यात कमीपणा काही नाही. असं करत १६, १८, २१ आणि जमलं तर २४ पर्यंत जाऊ दे, गुडघा दुखला तर तिथेच थांबायचं, आणि शेवटचे दोन आठवडे कमी करायचं. बुडालेलं शेवटच्या आठवड्यात एकदम ३० धावून भरून काढायचं हे खूळ ग्रुपमध्ये कुणीतरी काढतंच, त्याला बळी पडू देऊ नकोस. ताप येऊन गेला असेल तर तर मुळीच नाही, व्हायरलमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

मग एक दिवस जेवणं झाल्यावर दोघं बसा, सासूबाईंनाही बसव, आणि ठरवा की काय झालं की थांबायचं. छातीत काहीही झालं, चक्कर आली, उलटी झाली, घाम यायचा बंद झाला, आपण कुठे आहोत ते कळेना, तर तिथेच बाजूला आणि व्हॉलंटिअरला हाक. दुखतंय म्हणून डायक्लो नाहीतर आयबुप्रोफेन घेऊन धावायचं नाही, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीवर येतात. आणि प्रत्येक स्टॉलवर पाणी ढोसायचं नाही. हळू धावणाऱ्यांचं हेच होतं, पाच-सहा तास नुसतं पाणी पीत राहतात आणि रक्तातलं सोडियम उतरतं, तेही जिवावर बेतू शकतं, तहान लागेल तसं घोटघोट घ्यायचं, मध्येमध्ये ओआरएस. पहाटे पाचच्या सुमाराला निघाला तरी त्याच्या वेगाने सहा तास धर, म्हणजे अकरा वाजतील, जानेवारी असली तरी मुंबईचं ऊन आणि दमट हवा तोवर चांगलीच जाणवते. त्यात पेडर रोडचा चढ, परतीला तो आला की भलेभले चालायला लागतात.

त्याला तू स्वतः एक वाक्य सांग, की २१ ला थांबलास, २८ ला थांबलास तरी मी तिथे असेन आणि लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन. हे तुझ्या तोंडून ऐकलं की त्याच्या डोक्यावरचं ओझं किती कमी होईल बघ. सासूबाईंनीही तसंच म्हणावं, आईने म्हटलेलं वेगळं लागतं.

त्या दिवशी फिनिशला उभी राहू नकोस, तिथे गर्दीत काही दिसत नाही. महालक्ष्मी स्टेशनला उतरून हाजीअलीकडे चालत ये, रस्ते बंद असतात, टॅक्सीवर विसंबू नकोस, आणि रूट दरवर्षी थोडाफार बदलतो म्हणून नकाशा आधी बघून ठेव. बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरच्या कागदाच्या, मागच्या बाजूला ब्लडग्रुप, तुझा नंबर आणि वडिलांच्या हार्टचं लिहायला लाव. पिशवीत कोरडा टीशर्ट, चपला, मिठाची बिस्किटं. परत येताना दादरचे जिने त्याला चढायला लावू नकोस, रस्ते उघडले की सरळ गाडी करा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.