रंगाला चार लाख घालावेत का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सिंहगड रस्त्यावरची तीन मजली इमारत, महिन्याला 60,000 रुपये भाडं, दर्शनी बाजूला अकरा वर्षांपूर्वी बसवलेलं एसीपी (म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दुसऱ्या पदार्थाचा थर असलेल्या शीट) आणि सांध्यांखाली उतरलेले तपकिरी ओघळ. एक कंत्राटदार 4 लाखांत सगळं नव्यानं रंगवून देतो म्हणतो. दुसरा कारागीर सव्वा लाखात सांध्यांचं सिलिकॉन बदलायला तयार आहे. आणि तुमचा मुलगा म्हणतो, यातलं काहीच नको, चार लाख इक्विटी फंडात टाकू.

रंगाला पैसे घालू नका. ॲल्युमिनियमला तपकिरी गंज चढत नाही. ते ओघळ मागच्या लोखंडी फ्रेमचे नाहीतर स्क्रूंचे असणार, म्हणजे सांध्यांतून पाणी आत शिरतंय. तीन मीटर ॲल्युमिनियम तापमानात 40 अंशांचा फरक पडला की जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतं-आखडतं. एप्रिलचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत हा ताण सिलिकॉन रोज सोसतं. नखानं दाबून बघा. रबरासारखं दबलं नाही, कडेनं सुटलं असेल, तर त्याचं आयुष्य संपलं. माझ्या एका ग्राहकाकडे पश्चिमेच्या दोन शीट उतरवल्या, तेव्हा खालचा पाइप पापुद्र्यांसारखा हातात आला. वरचा रंग मात्र छान होता!

मुलाचा हिशेबही मला पटत नाही. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवायचा नसतो. शिवाय भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केल्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्ती करा किंवा करू नका. तुमच्या बाबतीत ती वर्षाला दोन लाखांच्या आसपास जाते. ही रक्कम इमारतीची समजा. त्यातले 50,000 दरवर्षी वेगळ्या एफडीत टाकत चला.

अलिबाग-रत्नागिरीसारखा खारा वारा इथे नाही, पण बांधकामांची धूळ आहे. छज्ज्याखाली पाऊस पोचत नाही, म्हणून ती तिथेच साचून राहते. वर्षातून एकदा सौम्य साबण आणि साध्या पाण्यानं धुवून घ्या. ॲसिड मात्र लावू देऊ नका, ते ॲल्युमिनियम खातं.

सव्वा लाखाचं काम मला योग्य वाटतं, पण त्याआधी एक गोष्ट. शीटच्या मधला थर कशाचा आहे, ते जुन्या बिलावरून किंवा तपासणी करून शोधा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये लागलेली आग पॉलिथिनचा थर असलेल्या शीटवरूनच पसरली. 72 माणसं गेली. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर मुलांचा क्लास चालतो. थर पॉलिथिनचा निघाला तर सिलिकॉनवर एक रुपयाही घालू नका. चार लाख शीट बदलण्यासाठी ठेवा आणि कमी पडतील तेवढ्याचं कर्ज घ्या. तसा नसेल, तर मेअखेर परांची उभी करा, पश्चिमेची बाजू आधी घ्या आणि दोन शीट उघडून फ्रेम स्वतःच्या डोळ्यांनी बघा.