वाचक विचारतात: इंग्रजी शिकता शिकता अमेरिकेतल्या चाचण्या

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेल्या पालकांचे चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. चारही न्यू जर्सीतून आलेले आहेत.

प्रश्न: ऑगस्टमध्ये नाशिकहून इथे आलो. मुलगी मराठी माध्यमातली, सहावीत बसली आहे. शाळेने ‘ॲक्सेस’ आणि राज्याची चाचणी अशा दोन परीक्षा कळवल्या आहेत. दोन्ही द्याव्या लागतील का? नापास झाली तर वर्ष वाया जाईल?

दोन्हींचं काम वेगळं आहे. ‘ॲक्सेस’ फक्त इंग्रजी मोजते: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. निकाल १ ते ६ या पातळ्यांत येतो. एकूण पातळीत वाचन आणि लेखनाचा वाटा प्रत्येकी ३५ टक्के, ऐकणं आणि बोलणं प्रत्येकी १५ टक्के. यात नापास हा प्रकारच नाही. इंग्रजीचे जादा तास कधी थांबवायचे, हे ठरवायला ती घेतात. त्यासाठी किती पातळी लागते, ती रेघ राज्यागणिक बदलते; न्यू जर्सीत अनेक वर्षं ती ४.५ होती. चारपैकी एक भाग जरी बुडाला तरी एकूण पातळी निघत नाही. म्हणून त्या दिवसांत मुलगी आजारी पडली, तर राहिलेला भाग कधी घेणार हे लगेच विचारून घ्या.

राज्याची चाचणी विषयांची असते. वाचन आणि गणित तिसरी ते आठवी दरवर्षी. अमेरिकेतल्या शाळेत येऊन बारा महिने झाले नसतील, तर वाचनाच्या पेपरातून एकदा सूट देण्याची मुभा २०१५च्या संघीय कायद्याने राज्यांना दिली आहे. गणित मात्र द्यावंच लागतं, आणि ‘ॲक्सेस’ही. मुलीच्या प्रवेशाची तारीख शाळेच्या नोंदीत बरोबर आहे ना, ते बघा. सूट त्या तारखेवर ठरते. सातवीत जायला ही चाचणी उत्तीर्ण व्हावी, अशी राज्याची अट नाही. पण गणिताच्या वरच्या तुकडीत कोणाला घ्यायचं हे ठरवताना काही शाळा हे गुण बघतात, तेव्हा ती अगदीच सोडून देऊ नका.

प्रश्न: प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असं विचारलंय. ओळखीचे लोक म्हणतात, ‘इंग्रजी’ लिहा, नाहीतर मुलावर शिक्का बसतो. काय करावं?

मराठी लिहा. त्या उत्तरावरून मुलाची एक छोटी इंग्रजी चाचणी होते, बाकी काही नाही. ती जमली तर विषय तिथेच संपतो. नाही जमली तर जादा मदत मिळते आणि शाळेने तुम्हाला तसं कळवायला हवं. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत. खोटं लिहिलं तर मूल मदतीविना वर्गात बसतं आणि शिक्षकांना वाटतं, हा लक्षच देत नाही. मदत लेखी नाकारण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण नाकारली तरी दरवर्षीची भाषेची चाचणी, म्हणजे ‘ॲक्सेस’, सुटत नाही. म्हणजे परीक्षा तेवढी उरते आणि शिकवणं जातं. आमचा सल्ला स्पष्ट आहे: नाकारू नका.

प्रश्न: मुलगा कोल्हापूरला मराठी माध्यमात गणितात कायम पुढे. इथे राज्याच्या चाचणीत गणितातच खूप कमी गुण. गणिताला इंग्रजी कशाला आडवं येतं?

येतं, आणि नेमकं कुठे येतं ते एका उदाहरणात दिसेल. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’. मूल डावीकडून शब्द उचलतं आणि लिहितं ५ − x. हवं असतं x − ५. मराठीत आपण ‘एका संख्येपेक्षा ५ ने कमी’ म्हणतो, संख्या आधी येते, म्हणून तिथे चूक होत नाही. तेव्हा वाक्य मनात मराठीत म्हणून मग समीकरण मांडायची सवय लावा. ‘ॲट लीस्ट’चंही तसंच: ‘लीस्ट’ ऐकून मुलं ‘पेक्षा लहान’चं चिन्ह घालतात, अर्थ असतो कमीत कमी, म्हणजे तेवढं किंवा जास्त.

मग एककं. १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, १६ औंसांचा पौंड. ‘क्वार्टर’ म्हणजे पाव, आणि २५ सेंटचं नाणंही. स्वल्पविराम १,००,००० ऐवजी 100,000 असा पडतो. शिवाय ‘कारण सांगा’ अशा प्रश्नांत नुसत्या पायऱ्या पुरत नाहीत; असं का केलं, ते दोन वाक्यांत लिहावं लागतं. इथे हुशार मुलांचे गुण हकनाक जातात.

न्यू जर्सीत गणिताचा पेपर स्पॅनिशमध्ये मिळतो, मराठीत नाही. पण जादा वेळ, प्रश्न संगणकाकडून वाचून घेणं आणि इंग्रजी-मराठी शब्दसूची मागता येते. सूचीत फक्त शब्दाला शब्द असावा, स्पष्टीकरण चालत नाही. तुमच्या मुलाला छेद, लसावि, परिमिती हे शब्द पाठ आहेत, त्याला ती फार उपयोगी पडेल. मराठी वाचायलाच अडखळणाऱ्या मुलाचा मात्र सूचीत वेळ जातो, त्याला जादा वेळच बरा. या सवलती परीक्षेआधी शाळेने नोंदवाव्या लागतात, आयत्या वेळी मिळत नाहीत. वर्गातही त्या वापरून झालेल्या असाव्यात.

प्रश्न: मुलगी मैत्रिणींशी फाडफाड बोलते, तरी ‘ॲक्सेस’च्या ‘बोलणं’ या भागात पातळी कमी का?

तिथे समोर माणूस नसतो. हेडफोनवर एक नमुना उत्तर ऐकवतात, मग मायक्रोफोनमध्ये बोलायचं. मुलं ‘येस’ किंवा एक वाक्य म्हणून पुढे जातात, नाहीतर इतकं हळू बोलतात की नीट रेकॉर्डच होत नाही. गुण मिळतात ते सविस्तर बोलण्याला आणि विषयातले शब्द वापरण्याला. रोज एक चित्र दाखवा आणि फोनवर रेकॉर्ड करा: काय चाललंय, का चाललंय, पुढे काय होईल. प्रत्येकाला दोन वाक्यं. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत.