"मॅडम, ही गोळी कॅन्सरची हाय म्हणं"

साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी वहिनींनी माझ्या टेबलावर रिकामी केली. रक्ताचे रिपोर्ट, दोन्ही हातांचा एक्स-रे, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि सगळ्यात खाली रबर लावून ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. रबर काढून मी पट्ट्या मोजल्या. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या औषधाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या दिलेल्या होत्या. त्यातल्या दोनच आठवड्यांच्या फुटल्या होत्या, बाकीच्या जशाच्या तशा.

"वहिनी, ह्या राहिल्या वाटतं?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मालक केसपेपरच्या रांगेत होते. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाल्या, "मॅडम, ही गोळी कॅन्सरची हाय म्हणं. मेडिकलवाल्यानं सांगितलं, सुनेनं मोबाइलवर बघितलं. मी लई घाबरलो." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो-गेलो'च म्हणतात, तसंच लिहिते आहे.)

कोल्हापुरात संधिवाताच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून बसते. हा प्रश्न मी दर आठवड्याला ऐकते, आणि जेवढ्या जणी तो विचारतात त्याहून जास्त जणी न विचारताच गोळी बंद करतात. म्हणून वहिनींची गोष्ट लिहायची परवानगी त्यांच्याकडून घेतली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वहिनी हुपरीच्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. घरी बसून पैंजणाला घुंगरू जोडायचं काम. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात बारीक कडी. दीड वर्षापूर्वी सकाळी उठल्यावर चिमटा मिटेनासा झाला. बोटं सुजलेली, मूठ वळेना, नऊ-दहा वाजेपर्यंत हात लाकडासारखे. आधी गारठ्याचं समजून शेकलं. मग कुणीतरी वात आहे म्हणालं, आंबट बंद करायला लावलं. दही, ताक, चिंच, लिंबू, टोमॅटो, सगळं बंद. मग एका ओळखीच्याकडून पुड्या आणल्या. "पुडी घेतली की दोन तासांत हात मोकळा. जादूच म्हणायची." त्यांचा चेहरा गोल आणि फुगलेला दिसत होता. रक्तातली साखर वाढल्याचं रिपोर्टवर लिहिलेलं होतं.

दोन तासांत हात मोकळा करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांत अनेक चेहऱ्यांनी शिकवलं आहे. पण पहिल्याच भेटीत ते बोलून दाखवलं असतं, तर पुढच्या वेळी त्यांनी पुडीचं नावच काढलं नसतं. म्हणून आधी गोळीचंच बोलायचं ठरवलं.

खोटं मात्र सांगायचं नाही. "कोण म्हणालं कॅन्सरची? काही नाही हो, वाताची साधी गोळी आहे" असं म्हणून वेळ मारून नेता येते. पण सून पुन्हा मोबाइल उघडणार, तिथे कॅन्सर हा शब्द पुन्हा दिसणार, आणि मग ती गोळी तर जाणारच, आमच्यावरचा विश्वासही जाणार. म्हणून म्हटलं, "सुनेनं वाचलं ते खरं आहे. हे औषध कॅन्सरलाही देतात. पण तुम्हाला कॅन्सर नाही, आणि तुम्हाला देतात ते माप वेगळं आहे."

आकडे सांगितले. काही कॅन्सरमध्ये हे औषध एका वेळी हजारो मिलिग्रॅम, शिरेतून देतात. संधिवातात आठवड्यातून एकदा, साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. अमेरिकेत १९८८ साली त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि आज जगभर रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे वहिनींना झालेल्या संधिवाताचे, उपचार बहुधा याच औषधापासून सुरू होतात. एवढ्या कमी मापात त्याचं काम वेगळं असतं. आपल्या शरीरातलं जे सैन्य जंतूंशी लढायचं, तेच चुकून आपल्या सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चाल करून गेलेलं असतं. त्याला शांत करायचं हे औषध. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, हाडाची झीज थांबत नाही. ही गोळी झीज थोपवते, म्हणून तिची घाई. पहिल्या दोन वर्षांत गेलेलं हाड परत येत नाही.

वहिनी ऐकत होत्या, पण आकड्यांनी त्यांचं समाधान झालं नव्हतं, ते दिसत होतं. मग त्यांनीच विचारलं, "म्हंजे आमच्या चांदी उजळायच्या पाण्यागत व्हय? त्यात अ‍ॅसिड असतंय. पाण्यात थोडं घातलं की पैंजण पांढरंशुभ्र निघतंय. नुसतं अंगावर सांडलं तर कातडं जातंय."

माझ्या दहा वाक्यांपेक्षा त्यांचं ते एक वाक्य चांगलं होतं. तेव्हापासून हुपरीहून येणाऱ्या प्रत्येकीला मी तेच सांगते.

"केस?" असं म्हणताना त्यांचा हात अंबाड्यातल्या गजऱ्याकडे गेला. थोडे विरळ होऊ शकतात, किमोथेरपीसारखे जात नाहीत, असं सांगितलं. तेवढ्यात मालक आले आणि वहिनी गप्प झाल्या. मी पुस्तिका दिली, त्यांनी ती घडी घालून पिशवीत टाकली.

पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा पुस्तिका त्याच घडीत, त्याच पिशवीत होती. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यात ती बारीक छपाई. चूक माझी होती. वाचता येतं का, हे न विचारताच मी कागद हातात दिला होता.

या वेळी मालकांना आणि सुनेला सोबत बसवलं, आणि कागदाऐवजी घरातलं कालनिर्णय आणायला सांगितलं होतं. मेथोट्रेक्सेटमध्ये सगळ्यात मोठा धोका औषधाचा नाही, वाराचा आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी झपाट्याने कमी होतात, जीवावर बेततं. एका आजींना पाकिटावर सकाळी एक असं लिहून मिळालं होतं. आठव्या दिवशी त्यांना पाणीही गिळता येईना, तेव्हा दवाखान्यात भरती केलं. त्या वाचल्या. त्या दिवसापासून वार पक्का केल्याशिवाय मी कुणालाही खुर्चीवरून उठू देत नाही.

"कुठला वार धरायचा?" सून म्हणाली शुक्रवार, अंबाबाईचा. वहिनींनी मान हलवली. गोळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना मळमळायचं, आणि शनिवारी माल द्यायचा असतो. शेवटी शनिवारी रात्री, जेवल्यावर, असं ठरलं. रविवारी काम बंद, ज्योतिबाचा वार. सुनेने कालनिर्णयाच्या प्रत्येक शनिवारी लाल ठिपका काढला आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या दिवशी, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, हिरवा. गोळीचे त्रास कमी व्हायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं, ते टाळायचं नाही. एवढं करूनही मळमळ राहिली तर माप विभागून देणं किंवा इंजेक्शन हे मार्ग असतात. पण आपण बोललोच नाही तर डॉक्टरांना ते कळणार कसं?

पुड्यांचा विषय मग वहिनींनीच काढला. मालकांनी मान खाली घातली, पुड्या आणणारे तेच होते. मी एवढंच म्हटलं की पुड्या आजपासून एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ते अचानक थांबलं तर रक्तदाब कोसळू शकतो. हे डॉक्टरांना सांगायला हवं, म्हणजे ते मोजून-मापून उतरवतील.

"डॉक्टर वरडतील."

त्यासाठी आम्ही तिथेच रंगीत तालीम केली. मी डॉक्टर झाले, वहिनी वहिनी. ओपीडीत एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात काय बोलायचं हे आधी ठरवलेलं नसेल तर बाहेर आल्यावरच आठवतं. त्यांनी तीन गोष्टी बोटांवर मोजून पाठ केल्या: पुडी घेतो, आठवड्याची गोळी दोनदाच घेतली, उलटीसारखं होतंय. मग आत गेल्या आणि त्याच क्रमाने सांगितल्या. डॉक्टर ओरडले नाहीत. स्टेरॉइडची छोटी गोळी लिहून दिली, दर काही दिवसांनी कमी करायची, तोवर मेथोट्रेक्सेट लागू पडेल असं म्हणाले. त्याला सहा ते बारा आठवडे लागतात. आठव्या-दहाव्या दिवशी "गुण नाही" म्हणून गोळी सोडणारे किती तरी आहेत.

आंबटाचं तेवढं मी ओपीडीतच निकालात काढलं. दही-ताकाने किंवा टोमॅटोने हा आजार वाढतो याला आधार नाही. दीड वर्षं निम्मं ताट वर्ज्य करून वहिनींचं हिमोग्लोबिनही घसरलं होतं. ज्या बाईला रोज आजाराशी झुंजायचंय, तिच्या पानातलं आधी काढून घ्यायचं, हे मला फार लागतं.

सुनेने जाता जाता विचारलं, तिच्या नवऱ्याला होईल का. घरात एकाला असेल तर शक्यता थोडी वाढते, होणारच असं नाही. पण सकाळी सांधे तासभर आखडायला लागले आणि सूज दिसली, तर थांबायचं नाही. आरए फॅक्टर ही या आजाराची रक्तचाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असंही धरून बसायचं नाही. आणि हा काही दुर्मिळ आजार नव्हे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण साधारण अर्धा टक्का आढळलं, म्हणजे २०० माणसांत १. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन-तीन पट. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक तरुण मुलीला बजावते: ही गोळी चालू असताना दिवस राहू द्यायचे नाहीत. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचं. गरोदरपणात चालणारी औषधं आहेत.

चौथ्या महिन्यात वहिनी आल्या तेव्हा चेहरा उतरला होता, म्हणजे चांगल्या अर्थाने, सूज उतरली होती. यकृताचा आणि पेशींचा रक्ताचा रिपोर्ट त्यांनी स्वतःहून पुढे केला. मी त्यांना मूठ वळायला सांगितली. तीन बोटं तळव्याला टेकली, करंगळीशेजारचं अजून थोडं दूर. "घुंगरू जमतंय. बारीक कडी सून जोडती."

गेल्या महिन्यात शनिवारी रात्री फोन आला. मागे टीव्ही चालू होता.

"मॅडम, अंगात ताप हाय, खोकला बी. इथल्या डॉक्टरनी औषध दिलंय. मी त्यास्नी सांगितलं मला शनिवारची गोळी हाय म्हणून, तर ते म्हणाले मग हे नको, दुसरं लिहून देतो."

मेथोट्रेक्सेटसोबत सेप्ट्रानसारखं ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक धोक्याचं ठरू शकतं. हे मी त्यांना एकदाच, घाईत सांगितलं होतं.

"मग आजची घेऊ का नको?"

"आज राहू द्या. ताप असताना घ्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे. सकाळी त्यांच्याशी बोलू. दम लागला तर मात्र रात्रीच निघा, थांबू नका."

"मला बी तसंच वाटलं. खरं इचारून घ्यावं म्हटलं." थोडं थांबून म्हणाल्या, "मग ठिपक्यावर काय करू?"

"फुली मारा."

"सूने, पेन आण गं," एवढं ऐकू आलं, आणि फोन तसाच चालू राहिला.