ईजीआर बंद केल्यावर डिझेल गाडीचा पिकअप खरंच वाढतो का?

तुमचा प्रश्न असा: डिझेल गाडी सव्वा लाख किलोमीटर चालली आहे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पिकअप मेल्यासारखा वाटतो, ॲक्सिलरेटर दाबला की मागून काळा धूर निघतो. मेकॅनिक म्हणतोय, ईजीआरला प्लेट मारू, म्हणजे त्याची वाट पत्र्याने बंद करू, सॉफ्टवेअरमधूनही बंद करून टाकू, मग बघा गाडी कशी पळते. करावं का?

करू नका. गाडी पळेल हे त्याचं म्हणणं मात्र खरं आहे. मी हेच केलं होतं आणि माझीही पळाली होती. ती का पळाली, हे कळायला मला तीन महिने लागले. तेवढे तुमचे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितो.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्टमधला थोडा जळका वायू परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत, सोडायची सोय. या वायूत ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड, वाफ जास्त. त्यामुळे सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान खाली येतं. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण तापमान साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तो ऑक्सिजनशी झपाट्याने जुळतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे नॉक्स, तयार होतात. ते रोखण्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. हा वायू सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो तो आयडलला आणि हलक्या लोडवर, सपाट रस्त्याला गाडी निवांत चाललेली असताना. तुम्ही पेडल तळाला दाबलंत की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, तो बंद करतो, कारण त्या क्षणी इंजिनला मिळेल तेवढी ताजी हवा हवी असते. म्हणजे व्हॉल्व्ह धडधाकट असेल तर फुल पॉवरच्या वेळी ईजीआर तुमच्याकडून काहीच घेत नाही. जे घेतच नाही ते बंद करून पॉवर कुठून वाढणार?

पॉवर खातो तो अडकलेला व्हॉल्व्ह. एक्झॉस्टमधून काजळी येते, इंजिनच्या ब्रीदर पाइपातून तेलाची वाफ येते, आणि इनटेकमध्ये दोन्ही मिळून डांबरासारखा चिकट थर बसतो. त्यातला एखादा टवका व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला की तो पूर्ण मिटत नाही. मग पेडल दाबल्यावरही जळका वायू आत येत राहतो, डिझेलला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि काळा धूर निघतो. त्यात टर्बो फिरवायचा वायू टर्बोच्या आधीच इनटेककडे पळतो, म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, तोही उशिरा बनतो. तुमची लक्षणं मला अगदी अशीच दिसतात.

माझ्या गाडीलाही हेच झालं होतं. मी स्टीलची प्लेट कापून गास्केटच्या जागी बसवली आणि पहिल्याच फेरीत गाडी हलकी झाल्यासारखी वाटली. मला फार आनंद झाला. चौथ्या दिवशी चेक लाइट लागला. कोड पी०४०१, ईजीआरचा प्रवाह अपुरा. त्याचं कारण आत येणारी ताजी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर. व्हॉल्व्ह उघडला की ताजी हवा किती कमी व्हायला हवी हे ईसीयूला माहीत असतं, आणि प्लेटमुळे ती कमी होतच नाही. त्यातच आयडलचा आवाज बदलला, टकटक कोरडी आणि टणक झाली. जळका वायू नसल्याने डिझेल आता लवकर आणि जोरात पेटत होतं, पण इंजेक्शनची वेळ मात्र ईजीआर धरूनच ठरवलेली.

तो आवाज मला स्वस्थ बसू देईना. शेवटी व्हॉल्व्ह खोलला. सीटवर नखाएवढा काळा टवका आडवा पडला होता आणि व्हॉल्व्ह जेमतेम दोन मिलिमीटर उघडा राहत होता. इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडात बोट घातलं तर कडेने बोटाच्या पेराएवढा थर. माझ्या इंजिनला हवा जायची ती उरलेल्या भोकातून! दोन्ही भाग साफ केले, नवीन गास्केट घातलं, आणि प्लेट न लावता सगळं जोडलं.

आधीच्या दोन्ही वेळांसारखंच याही वेळी मोजलं, कारण अंगाला जाणवणारा फरक फसवतो. रिकामा सपाट रस्ता, चौथा गिअर, ६० ते १०० चा वेग, प्रत्येक वेळी तीन फेऱ्या, वेळ शेजारी बसलेल्या मित्राने घेतली. व्हॉल्व्ह अडकलेला असताना सुमारे १५ सेकंद लागत होते. प्लेट लावल्यावर सव्वाबारा. साफसफाईनंतर, ईजीआर व्यवस्थित चालू असताना, बारा. प्लेटने माझा पिकअप वाढवला नव्हता. एक बिघाड झाकला होता, आणि मॅनिफोल्डमधली घाण तशीच ठेवली होती.

मायलेजबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर हलक्या लोडवर ईजीआर बंद असेल तर काही इंजिनांत किंचित फरक पडू शकतो. पण तो चार लोक सांगतात तेवढा नसतो. ज्याला मोठा फरक पडला त्याचा व्हॉल्व्ह बहुधा आधी अडकलेलाच होता.

डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) आणि ॲडब्लू (नॉक्स मोडायला एक्झॉस्टमध्ये सोडायचं युरियाचं द्रावण) असलेल्या नव्या गाड्यांत तर हा उद्योग आणखी महाग पडतो. एक्झॉस्टमधला नॉक्स सेन्सर वाढलेलं प्रमाण पकडतो, ॲडब्लू जास्त खर्च होतं, आणि प्रमाण हाताबाहेर गेलं की ईसीयू स्वतःच पॉवर कमी करतो. लहान भोक ठेवलेली प्लेटही सुचवतील. त्यात ईसीयू हवा कमी झालेली दिसेपर्यंत व्हॉल्व्ह आणखी उघडत राहतो, आणि कार्बन साचायचा तो साचतोच. शिवाय प्रदूषण रोखणारा भाग निकामी करणं बहुतेक देशांत बेकायदा आहे.

कायद्यापेक्षाही मला धुराची गोष्ट जास्त लागते. ईजीआर बंद केला की काळा धूर उलट कमी होतो, कारण ऑक्सिजन मुबलक मिळतो. म्हणून माणसाला वाटतं, गाडी स्वच्छ झाली. नॉक्स मात्र डोळ्यांना दिसतच नाही, आणि ॲडब्लू नसलेल्या गाडीत त्याला अडवणारं बहुधा दुसरं काहीच नसल्याने तो कित्येक पटींनी वाढतो. डिझेल गाड्यांची नेहमीची तपासणी बहुतेक ठिकाणी धुराचा काळेपणाच मोजते, त्यामुळे अशी गाडी पासही होते. युरोपच्या प्रदूषण नियमांत, युरो ३ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम नॉक्सची मुभा होती, युरो ६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. एवढ्या वर्षांची ही कमाई एक पत्र्याचा तुकडा घालवतो, आणि तो वायू दम्याचं मूल घेऊन मागून चालणाऱ्याच्या छातीत जातो. माझी गाडी ते तीन महिने तशी फिरली याचं मला आजही वाईट वाटतं.

तुम्ही आधी स्कॅनर लावून चालू डेटा बघा. व्हॉल्व्हला दिलेला आदेश आणि त्याची खरी जागा जुळते का? आदेश शून्य असताना तो उघडा दिसत असेल तर चोर सापडला. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्टही ताडून बघा. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा, पाइप फाटला असला किंवा टर्बोची पाती काजळीने जाम झाली असली तरी लक्षणं हीच दिसतात.

साफसफाई भाग काढूनच करा. कार्ब क्लीनर, ब्रश, लाकडी पट्टी पुरे. मोटर आणि कनेक्टर भिजवू नका, आणि जोडल्यावर स्कॅनरने व्हॉल्व्हची जागा पुन्हा शिकवून घ्या. चालू इंजिनच्या इनटेकमध्ये स्प्रे मारायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही, आत येईल ते पेटणारं सगळं ते जाळतं. जास्त गेलं तर किल्ली बंद केल्यावरही थांबत नाही.

बदल करायचाच असेल तर ब्रीदर लाइनवर तेल वेगळं करणारा सेपरेटर बसवा, मात्र लाइन बंदच राहू द्या, वाफ बाहेर सोडू नका. तेल आत कमी गेलं की काजळी कमी चिकटते, बरीचशी कोरडीच निघून जाते. रीमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं, करायचा असेल तर ट्यूनरला सांगा, ईजीआरला हात लावू नकोस. वाढीव पॉवर मिळते फुल लोडला, आणि तेव्हा तो व्हॉल्व्ह बंदच असतो, त्यामुळे दोघांत भांडण नाही.

आणि एक: तुमच्या गाडीत कूलंट कुठे गळताना न दिसता कमी होत असेल, सकाळी पांढरा धूर येत असेल, तर पिकअप राहू द्या, आधी ईजीआर कूलरची, म्हणजे जळका वायू कूलंटने थंड करणाऱ्या भागाची, प्रेशर टेस्ट करून घ्या. तो आतून फुटला असेल तर पाणी इनटेकमध्ये जातं आणि इंजिनच बसतं.