घाई सोडा, मगच गाडी काढा

दादा, वहिनी, निवृत्तीनंतर कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेतलीत, फार बरं वाटलं. पहिल्याच फेरीत राजस्थान नको. नाशिकच्या आसपास पंधरा दिवस सहज जातात.

सुरुवात नांदूर मधमेश्वरपासून करा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून 2020 मध्ये जाहीर झालं. डिसेंबर-जानेवारीत जा. आदल्या संध्याकाळीच जवळच्या गावात पोचा, ओळखीच्या किंवा विचारून घेतलेल्या अंगणात गाडी लावा. पहाटे धुक्यात आधी नुसता कलकलाट ऐकू येतो, मग हळूहळू पाण्यावर पक्षी दिसू लागतात. हिने तिथे थर्मासमधला चहा ओतला आणि प्यायचाच विसरली. असं काही हॉटेलातून निघून नऊ वाजता पोचलं की मिळत नाही.

गाडी लावताना जमीन सपाट आहे ना, ते बघाच. ताटलीत पाणी घालून गाडीतल्या ओट्यावर ठेवा, उतार लगेच कळतो. आम्ही पहिल्या रात्री आळस केला. डोकं खाली, पाय वर. सकाळी दोघांचीही मान धरली होती.

सप्तशृंगीला गाडी पायथ्याच्या नांदुरीत ठेवून एसटीने वर जा. पंचवटीच्या गल्ल्यांत तर व्हॅन नेऊच नका, रिक्षा करा. सिन्नरचं गोंदेश्वर मात्र निवांत बघा. मधलं महादेवाचं देऊळ, भोवती चार छोटी. उन्हं कलताना नक्षी उठून दिसते.

औषधांचा डबा वहिनींच्या हाताशी असू द्या, डिकीत नको.